रुईचे पारखी

इंदूरच्या कापड गिरण्यांवर लिहिणारे गिरणीमालक सर सेठ हुकुमचंदांबद्दल लिहितात, संपांबद्दल लिहितात, परदेशीपुऱ्यातल्या मजूरवस्तीबद्दल लिहितात. गिरणीला रुई कोण आणून देत होतं, हे क्वचितच कुणी विचारतं. त्या माणसाला गिरणीत सिलेक्टर म्हणत. माझे काका सिलेक्टर होते आणि मी पीथमपूरच्या एका सूतगिरणीत कच्च्या मालाची खरेदी पाहतो. हा इतिहास माझ्या कामाचा आहे, म्हणून लिहितो.

वर माळव्याच्या पठारावर गहू आणि अफू. कपाशीचा मुलूख खाली निमाडात, नर्मदेच्या खोऱ्यात. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, आणि खंडव्याहून सनावद, बडवाह, महू करत गाडी इंदुरात आली. त्यांच्याच काळात संस्थानची कापड गिरणी उभी राहिली. पुढे मालवा मिल, हुकुमचंद मिल, कल्याणमल, राजकुमार, स्वदेशी अशी रांग लागली. या साऱ्यांची भूक भागवायला सिलेक्टर दिवाळीनंतर निमाडातल्या जिनांमध्ये, म्हणजे सरकी काढणाऱ्या कारखान्यांत, मुक्काम ठोकत.

काका चिमूटभर रुई दोन्ही हातांच्या अंगठ्या-बोटांत धरून ओढत, तुकडे जुळवत, पुन्हा ओढत. तंतू सरळ झाले की गडद कापडावर ठेवून लांबी पाहत. ओल तळहाताला कळे, काडीकचरा डोळ्याला. पहिल्या वेचणीचा माल कोणता आणि हंगामाअखेरच्या फरदडीचा कोणता, हे ते ढिगाजवळ उभं राहून सांगत. गासडी 170 किलोची, भाव मात्र 356 किलोच्या खंडीवर. सुताच्या खर्चात निम्म्याहून जास्त वाटा रुईचाच असतो. बारीक सुतात आखूड तंतू गेला की कताईच्या फ्रेमवर धागा तुटत राही आणि बोलणी खाई तिथला मजूर. काकांना याची फार टोचणी असे. “आपल्या सौद्याची शिक्षा त्याला का?” असं ते म्हणत, आणि भावासाठी घासाघीस करताना मला अजूनही हे आठवतं.

सिलेक्टरला हवी तशी कपाशी शेतातच पिकावी, यावर इंदुरात मोठं काम झालं. 1924 साली कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी इथे वनस्पती उद्योग संस्था सुरू केली. खर्चाचा भार मध्यवर्ती कापूस समिती आणि संस्थानांनी उचलला. कपाशीच्या पऱ्हाट्या, शेण, पालापाचोळा कुजवून खत करण्याची त्यांची रीत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून गेली. जगात सेंद्रिय शेती मानणारे या शहराचं नाव घेतात. त्या कामामागे गिरण्यांची कपाशी होती, हे आम्हा इंदूरकरांना तरी ठाऊक असायला हवं.

फाळणीत पंजाब-सिंधमधली लांब धाग्याची कपाशी पलीकडे गेली, बहुतेक गिरण्या इकडे राहिल्या. 1970 साली सुरतेहून एच-4 हा संकरित वाण आला, तेव्हा खरेदीदारांना लांब धागा देशातच मिळू लागला. पण इंदूरच्या गिरण्यांची वेळ निघून चालली होती. 1974 च्या राष्ट्रीयीकरणात मालवा, कल्याणमल आणि स्वदेशी सरकारकडे गेल्या. हुकुमचंद मिल 12 डिसेंबर 1991 ला बंद पडली. तिच्या कामगारांना थकलेले पैसे मिळायला 2023 चा डिसेंबर उजाडला.

आता तंतूची लांबी, ताकद, जाडी यंत्र काही क्षणांत सांगतं, आणि ते अचूक सांगतं. पण कोणत्या गासडीतून, किती खोल हात घालून नमुना काढायचा, हे माणूसच ठरवतो. तेवढी विद्या अजून काकांचीच चालते.

मजुरांच्या लढ्याची कागदपत्रं जपली गेली, ते योग्यच झालं. रुईच्या सौद्यांच्या वह्या मात्र घराघरांतून रद्दीत जात आहेत. तुमच्या घरी कुणी सिलेक्टर, दलाल किंवा जिनवाले होते का? असतील तर त्यांची वही फेकू नका, आणि ते हयात असतील तर याच दिवाळीत त्यांच्यापाशी बसून सारं लिहून घ्या.