लाखेची तबकडी, लॅपटॉप आणि जबलपूरचा डीजे

आज विषय थोडा आवाजाचा आहे, तेव्हा हेडफोन लावून ऐकणाऱ्यांनी आवाज जरा कमी ठेवा.

माझा भाचा जबलपुरात लग्नांत डीजे लावतो. त्याच्याकडे लॅपटॉप आहे, दोन चकत्यांचा एक कंट्रोलर आहे आणि सीझनमध्ये भाड्याने घेतलेली स्पीकर लादलेली गाडी असते. मी त्याला एकदा विचारलं, "अरे, डीजेमधला 'जे' म्हणजे काय?" तो म्हणाला, "मामा, जे म्हणजे जोरात." उत्तर चुकीचं आहे, पण राइट टाउनपासून रांझीपर्यंत कुठल्याही वरातीत उभे राहा, पटेल.

डिस्क जॉकी. डिस्क म्हणजे तबकडी. आणि गंमत अशी की ज्या वस्तूवरून हे नाव पडलं, ती वस्तू आमच्या शहरातल्या डीजेंनी बहुधा हातातही धरलेली नाही. पण त्या तबकडीचं आमच्या मुलखाशी नातं मात्र फार जुनं आहे. एमिल बर्लिनरने १८९५ च्या सुमाराला कडक रबर सोडून तबकडीसाठी लाखेचं मिश्रण घेतलं. चपडी लाख, दगडाची भुकटी, काजळी, थोडे धागे. लाखेचा जगातला सगळ्यात मोठा पुरवठादार भारत होता, आणि पळस-कुसुमावर लाखेचे किडे वाढवणाऱ्या पट्ट्यात आमच्या शेजारचे सिवनी, बालाघाट, मंडला येतात. दुसऱ्या महायुद्धात ही लाख मिळेनाशी झाली, तेव्हा १९४२ साली अमेरिकेने रेकॉर्ड कंपन्यांच्या लाखेवर मोठी कपात लादली. तिथे जुन्या तबकड्या परत घेऊन, दळून, नव्या काढायची वेळ आली. १९४८ साली कोलंबियाने व्हिनाइलची लाँग प्ले आणली आणि लाखेचे दिवस भरले. आपल्याकडे मात्र १९६० च्या दशकातही ७८ च्या तबकड्या निघत होत्या.

तशा पन्नासेक तबकड्या आमच्या घरात होत्या. १ नोव्हेंबर १९५६ ला नवा मध्य प्रदेश झाला, उच्च न्यायालय जबलपूरला आलं, आणि नागपूरची कितीतरी मराठी कारकून-वकील मंडळी ट्रंका बांधून इकडे आली. माझे आजोबा त्यांतले. ट्रंकेत नाट्यसंगीत होतं. वाटेत फुटू नये म्हणून प्रत्येक तबकडीभोवती आजीचं लुगडं गुंडाळलेलं. पुढे कॅसेट आली, तबकड्या माळ्यावर गेल्या, आणि एका दिवाळीच्या सफाईत मी स्वतः, या हातांनी, त्या भंगारवाल्याला किलोवर दिल्या. तीन तेवढ्या राहिल्या, कारण त्या कपाटामागे पडल्या होत्या.

आता मूळ मुद्द्याकडे येतो.

११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये कूल हर्क नावाच्या पोराने बहिणीच्या पार्टीत गाणी वाजवली. गाण्यातला फक्त तालाचा तुकडा लोकांना नाचवतो हे त्याला कळलं होतं, म्हणून तो एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घेऊन तो तुकडा लांबवू लागला. ग्रँडमास्टर फ्लॅशने तबकडीवर मेणखडूने खुणा केल्या, म्हणजे तुकडा कुठे सुरू होतो ते डोळ्यांनी दिसावं. त्यांना पुढे लाभलेलं यंत्र म्हणजे टेक्निक्सचं एसएल-१२००, १९७२ चं. मोटर थेट चकतीखाली, पट्टा नाही. हाताने थांबवा, सोडा, लगेच पूर्ववत वेग. या बोटांच्या कामातून एक कला उभी राहिली. तबला शिकणाऱ्याला विचारा, बोटं तयार व्हायला किती वर्षं जातात.

मग एमपी-३ आलं. पिशवीभर तबकड्या उचलायच्या की लॅपटॉपमध्ये हजारो गाणी न्यायची? पण लॅपटॉपवर बोटं काय करणार? यावर १९९० च्या दशकाच्या शेवटी अॅमस्टरडॅमच्या एनटूआयटी कंपनीने तोड काढली: फायनल स्क्रॅच. ते पुढे स्टँटन कंपनीने बाजारात आणलं. २००४ साली न्यूझीलंडच्या सेरातोने रेन कंपनीबरोबर स्क्रॅच लाइव्ह काढलं. मिक्स आणि एक्सवॅक्स ही दोन सॉफ्टवेअरं तर फुकट मिळतात, आतला कोडसुद्धा उघडा आहे.

युक्ती ऐका, कारण मला ती फार आवडते. तबकडी खरी, सुई खरी, पण खाचेत गाणं नाही. तिथे नुसता एक सूर आहे. सेरातोच्या तबकडीत सेकंदाला हजार कंपनांचा. हात वेगाने फिरवला की सूर चढतो, हळू फिरवला की उतरतो. त्यावरून सॉफ्टवेअरला वेग कळतो. डाव्या-उजव्या बाजूचे सूर एकमेकांपासून पाव लहर पुढेमागे ठेवलेले असतात. त्यातला कोण आधी येतो यावरून तबकडी पुढे चालली की उलट, ते कळतं. आणि त्या सुरातच बारीक चढउतार करून आकडे लिहिलेले असतात, त्यावरून सुई नेमकी कुठे आहे ते कळतं. मग लॅपटॉपमधलं गाणं तुमच्या बोटाबरोबर पुढेमागे जातं.

मी पुण्याहून अशी एक तबकडी आणली आणि हौसेने आजोबांच्या शेवटच्या प्लेअरवर लावली. भाच्याने साउंड कार्ड जोडलं. पडद्यावर वर्तुळ उमटायला हवं होतं, आली तिरकी रेघ. गाणं हलेचना. आम्ही तासभर वायरी बदलत बसलो. शेवटी डोक्यात प्रकाश पडला: आजोबांचा प्लेअर मोनो! त्याला डावं-उजवं नाहीच. दोन्हीकडून एकच आवाज येत होता, मग पुढे की मागे हे सॉफ्टवेअरला समजणार कसं?

त्या रात्री माझ्या मनात दुसरंच काही घोळत होतं. परदेशात यंत्र बदललं तेव्हा कुणीतरी विचार केला की या लोकांच्या बोटांचं काय करायचं. आमच्या गावात तसं झालं नाही. जबलपूर हे बँडवाल्यांचं शहर. श्याम बँडचं नाव दूरवर माहीत होतं. वरातीपुढे ट्रम्पेट, क्लॅरिनेट, युफोनियम वाजवणारे ओठ आणि फुफ्फुसं होती, गाणं ऐकून दोन दिवसांत बसवणारे कान होते. गाडीवरचा डीजे आला आणि कितीतरी वराती त्याने नेल्या. त्यांच्यासाठी कुणी अशी तबकडी काढली नाही. आमच्याकडे डीजे व्हिनाइलच्या मार्गाने आलाच नाही. कॅसेट, सीडी, पेन ड्राइव्ह असा आला. म्हणून त्यात बोटांपेक्षा वॅटना मान. रिमिक्स घरी तयार होतो, मध्ये मध्ये बनवणाऱ्याचं नाव ओरडत राहतं, आणि वरातीत फक्त आवाज वाढवायचा असतो. भाचा रागावेल, पण म्हणतोच.

आवाजाचे नियम २००० सालचे आहेत: वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. डिसेंबर २०२३ मध्ये आमच्या राज्य सरकारने मर्यादेबाहेरच्या भोंग्यांवर आणि डीजेंवर कारवाईचा हुकूम काढला. भाच्याच्या धंद्याला फटका बसला. आईच्या खोलीची खिडकी रस्त्याकडे आहे, तिला झोप लागू लागली. मी दोघांच्याही घरचा, काय बोलणार?

फटका बसला म्हणूनच त्याला वेळ मिळाला. त्याने कुठूनतरी जुना स्टीरिओ टर्नटेबल पैदा केला. पडद्यावर वर्तुळ आलं, थोडं वाकडं, पण आलं. मी उरलेल्या तीन तबकड्यांपैकी एक आधीच लॅपटॉपवर उतरवून ठेवली होती. त्याने तीच फाइल लावली आणि काळ्या तबकडीवर बोट ठेवलं. आजोबांचं पद पुढे गेलं, थबकलं, मागे आलं, पुन्हा तीच तान.

आई आतून म्हणाली, "अरे, ती सुई अडकलीय, उचल रे."