पुरानी बस्ती

छत्तीसगढची राजधानी रायपूर येथील सर्वांत जुन्या वस्त्यांपैकी एक. बूढा तलावाच्या परिसरात वसलेल्या या भागाने शहराचा व्याप वाढूनही आपले गावपण बरेच टिकवून ठेवले आहे. अरुंद गल्ल्या, मठ, मंदिरे, तलाव आणि 'हटरी' म्हणजे छोटे बाजार, अशी त्याची घडण आहे. आजूबाजूच्या वस्त्यांच्या नावांतील 'पारा' हा शब्द आपल्याकडील आळीच्या अर्थाचा.

येथील महामाया मंदिरात नवरात्रात नवसाच्या ज्योती अखंड तेवत ठेवतात. केवळ दुधावर राहणारे महंत बलभद्रदास यांच्यावरून दूधाधारी मठाला नाव मिळाले. त्यातील भित्तिचित्रे मराठा शैलीची मानली जातात. टूरी हटरीच्या जगन्नाथ मंदिरातून रथयात्रा निघते. जवळच्या कंकाली मठाचे दार वर्षातून एकदा, दसऱ्याला उघडते. त्या दिवशी आत जपलेली जुनी शस्त्रे भाविकांना पाहता येतात.

बूढा तलावाला आता विवेकानंद सरोवर म्हणतात. लगतच्या बूढापाऱ्यात किशोरवयीन नरेंद्रनाथ, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, 1877 ते 1879 या काळात कुटुंबासह राहिले होते.

मराठी वाचकाला हा परिसर परका नाही. अठराव्या शतकाच्या मध्यापासून 1854 पर्यंत छत्तीसगढ नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेखाली होते. शहरातील तात्यापारा ही मराठी वस्ती म्हणून ओळखली जाते.