ढगाचा प्रतिध्वनी

रडार हा शब्द उलटा वाचला तरी रडारच राहतो. १९४० साली अमेरिकी नौदलाने एका लांबलचक इंग्रजी वर्णनाच्या आद्याक्षरांतून तो जुळवला, तेव्हा मराठी अक्षरांतही हे विलोमपद टिकेल याची कोणाला कल्पना असणार! शब्दाचे रूप कृतीला मात्र साजेसे आहे. रेडिओलहर जाते, आदळते आणि आल्या वाटेने परतते. जाण्यायेण्याचा वेळ मोजला की अंतर कळते. दीडशे किलोमीटरवरचा प्रतिध्वनी सेकंदाच्या हजाराव्या भागात हाती येतो.

या विद्येच्या मुळाशी संहाराची अपेक्षा होती. शत्रूला दुरून मारणारा किरण शक्य आहे काय, असे ब्रिटिश हवाई मंत्रालयाने विचारले. रॉबर्ट वॉटसन-वॅट आणि अर्नोल्ड विल्किन्स यांनी आकडेमोड करून नकार दिला. विमान हुडकता मात्र येईल, असे कळवले. २६ फेब्रुवारी १९३५ रोजी डॅव्हेंट्रीजवळ बीबीसीच्या लहरींनी एका बॉम्बर विमानाचा ठावठिकाणा सांगितला. पुढे युद्धात पडद्यावर पावसाच्या सरीही उमटू लागल्या, तेव्हा त्या केवळ अडथळा वाटत. तोच अडथळा युद्धानंतर हवामानशास्त्राचा विषय झाला. रडारच्या इतिहासातले हे वळण आम्हाला सर्वांत मनोज्ञ वाटते.

थेरगावाचा या इतिहासाशी संबंध काय, असे कोणी विचारील. शेजारच्या चाकणला २०२१ साली तयार होऊ लागलेल्या महिंद्रा एक्सयूव्ही ७०० च्या वरच्या आवृत्त्यांत पुढच्या वाहनाचे अंतर जोखणारे रडार आले, हे एक उत्तर. पण आम्हा पवनाकाठच्या लोकांना गाडीपेक्षा ढगाची चिंता अधिक. पवना सह्याद्रीत उगम पावते. घाटात पडलेला पाऊस काही वेळाने आमच्या दारी येतो.

तो पाऊस आधी दिसावा कसा? २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच शहरातल्या कुलाब्याला अवघा ७३. दोन पर्जन्यमापकांच्या मधले आकाश किती अज्ञात असते, याचा याहून कठोर पुरावा नसावा. मुंबईला डॉप्लर रडार त्यानंतर, २०१० साली, कुलाब्याला बसले. परतलेल्या लहरीच्या वारंवारितेतील बदलावरून ते ढगातल्या वाऱ्याचा वेगही सांगते. दुसरे रडार वेरावलीला जानेवारी २०२२ मध्ये सुरू झाले.

कुलाब्याहून थेरगाव सरळ रेषेत सुमारे शंभर किलोमीटर. परंतु पृथ्वी वाकते आणि रडारचा किरण तितका वाकत नाही. अर्ध्या अंशाने वर रोखलेला किरण आमच्यापर्यंत येईतो समुद्रसपाटीपासून दीड-एक किलोमीटर उंच गेलेला असतो. घाटावरचे पावसाळी ढग बरेचदा बुटके; त्यांचा खालचा, बरसणारा भाग त्याच्या नजरेतून निसटतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने मांढरदेवच्या डोंगरावर रडार चढवले ते पश्चिम घाटातले ढग जवळून पाहण्यासाठीच.

जवळ गेले तरी एक अडचण उरते. थेंबाचा व्यास दुप्पट झाला की त्याचा प्रतिध्वनी चौसष्ट पटींनी वाढतो. त्यामुळे गडगडाटी वळवाचे टपोरे थेंब पडद्यावर भडक रंगात उमटतात. घाटात दिवसेंदिवस चालणारी बारीक थेंबांची झड मात्र फिकी दिसते, आणि नदी तिकडे फुगतच असते.