बिऱ्हाडकरू, वाडा आणि कायदा

राजेरजवाड्यांचा इतिहास आपण शाळेंत शिकतों. परंतु ज्या खोलींत आपण जन्मलों आणि वाढलों, तिचें भाडें कोणीं व कसें ठरविलें, हा इतिहास सहसा कोणी शिकवीत नाहीं. शहरांतील कुटुंबांच्या सुखदुःखाशीं या दुसऱ्या इतिहासाचा संबंध अधिक निकटचा आहे. म्हणून एका वाड्यांत अनेक बिऱ्हाडें ठेवण्याविषयींचे नियम कसे घडत गेले, हें आज आपणांपुढें मांडण्याचें मीं योजिलें आहे.

आमचें अहमदनगर, म्हणजे २०२४ सालापासूनचें अहिल्यानगर, हें पंधराव्या शतकाच्या अखेरीस अहमद निजामशहानें सीना नदीच्या कांठीं वसविलेलें शहर. १८०३ सालीं येथला किल्ला इंग्रजांकडे गेला, पुढें भिंगारला छावणी आली, १८५४ सालीं नगरपालिका झाली आणि १८७८ सालीं दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला. कचेऱ्या, पलटणी, हातमाग आणि शाळा यांमुळें बाहेरगांवचीं माणसें येऊं लागलीं. त्यांस राहावयास जागा पाहिजे होती. माळीवाड्यासारख्या जुन्या वस्तींतील वाडे मूळ एकेका कुटुंबाकरितां बांधलेले. घरचीं माणसें पांगलीं, तशी ओसरी एकास, माजघर दुसऱ्यास, माडी तिसऱ्यास, अशी वांटणी झाली. आड एक, चौक एक, शौचकूप एक. नियम मात्र कोठेंहि लिहिलेले नव्हते. पाणी कोणीं केव्हां भरावें, दिंडी रात्रीं किती वाजतां लावावी, हें मालकीणबाई सांगत आणि बिऱ्हाडकरू ऐकत. भाडेचिठ्ठी असली तर असे; नसली तर सारा व्यवहार शब्दावर चाले.

हा शब्दाचा व्यवहार मोडला तो महायुद्धांनीं. १९१५ सालीं ग्लासगो शहरांत युद्धसामुग्रीच्या कारखान्यांमुळें माणसांची दाटी झाली व घरमालकांनीं भाडीं वाढविलीं. तेथील स्त्रियांनीं पुढाकार घेऊन वाढीव भाडें देण्याचें नाकारिलें, आणि त्याच वर्षीं ब्रिटिश पार्लमेंटनें भाडेवाढ रोखणारा कायदा केला. मुंबई सरकारनें १९१८ सालीं तोच कित्ता गिरविला. पुढें १९३९ व १९४४ सालीं असेच कायदे झाले, आणि अखेरीस १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा १३ फेब्रुवारी १९४८ पासून अमलांत आला.

या कायद्याचें मर्म एका तारखेंत होतें. १ सप्टेंबर १९४० रोजीं खोलीचें जें भाडें असेल, तें तिचें प्रमाण भाडें. कर आणि सुधारणा यांपुरती थोडी वाढ करण्यास मुभा होती. त्याहून अधिक घेणें बेकायदा. भाडें देण्यास तयार असलेल्या बिऱ्हाडकरूस मालकानें उगाच काढूं नये, त्याचें पाणी किंवा दिवा तोडूं नये, पागडी मागूं नये, पैसे घेतल्यावर पावती द्यावी, असे नियम झाले. मालकास स्वतःसाठीं खरोखरच जागा हवी असली, तरी दोघांपैकीं अधिक हाल कोणाचे होतील हें न्यायाधीशानें तोलावयाचें होतें. फाळणीनंतरच्या त्या दिवसांत हजारों कुटुंबांच्या डोक्यावरचें छप्पर या कायद्यानें राखलें, हें कोणासहि नाकबूल करतां येणार नाहीं.

परंतु हा कायदा ठराविक मुदतीपुरताच होता, आणि ती मुदत वारंवार वाढविण्यांत आली. चुना, लांकूड आणि गवंड्याची मजुरी वाढत गेली. भाडें मात्र १९४० सालाशींच बांधलेलें राहिलें. मालक म्हणे, दहा रुपयांच्या भाड्यांत कौलें कशीं शाकारूं? बिऱ्हाडकरू म्हणे, परक्याच्या भिंतीवर मीं खर्च कां करावा? दोघांचेंहि म्हणणें आपापल्या परीनें खरें होतें, आणि भिंत दोघांचीहि वाट न पाहतां खचत होती. गांवोगांवचे किती वाडे पावसाळ्यांत असे बसले, हें आपण पाहिलेंच आहे.

पोटभाडेकरूंचीहि अशीच कथा झाली. मालकाच्या परवानगीवांचून पोटभाडेकरू ठेवण्यास १९४७ च्या कायद्यानें मनाई केली. तरी लोकांनीं ते ठेवलेच, आणि १९५९ सालीं तोंवरच्या पोटभाडेकरूंना संरक्षण द्यावें लागलें. मग मालकांनीं ‘भाडें’ हा शब्द टाळून ‘परवाना’ हा शब्द धरिला. तेव्हां १ फेब्रुवारी १९७३ रोजीं निदान एका खोलींत परवान्यानें राहत असलेल्यांस कायद्यानें भाडेकरू ठरविलें. मालकाच्या राहत्या घरांतील ‘पेइंग गेस्ट’ तेवढा वगळला. परिणाम असा झाला, कीं रिकाम्या खोलीस कुलूप लावणें हेंच पुष्कळ मालकांस शहाणपणाचें वाटूं लागलें.

कायद्याची हद्दहि सरळ नव्हती. टोक्याजवळ गोदावरी ओलांडली, कीं पलीकडे मराठवाड्यांत हैदराबादचा १९५४ चा कायदा. विदर्भांत १९४९ चा हुकूम. शिवाय छावणीच्या हद्दींतील घरभाड्यावर नियंत्रण घालण्याचा अधिकार संसदेचा, राज्याचा नव्हे, असा निर्णय १९६९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें दिला. म्हणून नगर आणि भिंगार हीं शेजारचीं गांवें असलीं, तरी या बाबतींत त्यांचे अधिकारी निराळे.

१९९७ च्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें, कीं गोठविलेलें भाडें काळाच्या ओघांत अन्यायाचें झालें आहे. मात्र कायद्याची मुदत ३१ मार्च १९९८ ला संपत असल्यानें तो रद्द ठरविला नाहीं. त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा झाला व ३१ मार्च २००० पासून सर्व राज्यांत, तिन्ही जुन्या नियमांच्या जागीं, लागू झाला. त्यानें वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली. दहा रुपयांवर ती पहिल्या वर्षीं चाळीस पैसेच होते! पागडीचा व्यवहारहि या कायद्यानें उघड व सशर्त मान्य केला.

आज ज्यांच्या घरीं एकदोन खोल्या भाड्यानें देण्याजोग्या आहेत, त्यांनीं एक गोष्ट विसरूं नये. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाहीं, ही समजूत महाराष्ट्रांत चुकीची आहे. भाड्याचा असो वा परवान्याचा, करार लेखी व नोंदलेला पाहिजे. नोंदविण्याची जबाबदारी मालकाची आहे. तो नसेल, तर अटींविषयीं बिऱ्हाडकरूचेंच म्हणणें, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरितात. एका घरांत तीन बिऱ्हाडें असतील, तर प्रत्येकाशीं निराळा करार करावा आणि पाणी, जिना, गच्ची यांचा वापर त्यांत लिहावा. भाडें थकलें, तरी नोटिशीनंतर नव्वद दिवस लोटल्यावांचून त्यासाठीं दावा लावतां येत नाहीं. आणि नळ तोडणें हा तर उपाय नव्हेच.

मालक लोभी आणि बिऱ्हाडकरू गरीब, किंवा बिऱ्हाडकरू लबाड आणि मालक भोळा, असा निवाडा या इतिहासावरून करतां येत नाहीं. संकटकाळीं केलेला नियम चांगलाच असतो. तो वेळोवेळीं तपासून पाहिला नाहीं, म्हणजे ज्याच्या रक्षणार्थ केला त्याच्याच अंगावर तुळई येते. शब्दाची जागा कागदानें घेतली, याबद्दल हळहळण्याचें कारण नाहीं. चांगला कागद म्हणजे दोघांनीं आधींच दिलेला आणि पुढें कोणासहि फिरवितां न येणारा शब्दच होय.