तबकातून तबकडी

ग्रामोफोनचे नाव आपण परकेच ठेवले, पण त्यावर फिरणाऱ्या काळ्या चकतीला मराठीने घरातले नाव दिले: तबकडी.

मूळ शब्द अरबी, ‘तबक’. फारसीच्या वाटेने तो आपल्याकडे आला आणि पानसुपारी, अत्तरगुलाबाच्या समारंभांत रुजला. कोठीची कोठडी झाली, तशी तबकाची तबकडी. १९०२मध्ये ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गाइसबर्ग गाणी मुद्रित करायला कलकत्त्यात उतरला. सुरुवातीला तबकड्या जर्मनीतल्या हानोव्हरहून छापून येत. १९०८मध्ये कलकत्त्यातच सियालदहला कारखाना निघाला. तबकड्या ज्या शेलॅकच्या बनत, ते म्हणजे आपली लाखच.

याच चकतीला पंजाबीत ‘तवा’ म्हणतात. काळा, गोल, चपटा; वर्णन अचूक आहे. तरी मला आपला शब्द अधिक मोलाचा वाटतो. तव्यात नुसता आकार दिसतो, तबकात बैठक दिसते. गाण्याच्या बैठकीत विड्यांचे तबक फिरे, पण ते मानाच्या माणसांपुढे. दाराबाहेर उभे राहून ऐकणाऱ्यापर्यंत, माजघरातल्या बायकांपर्यंत ते कशाला येईल? अब्दुल करीम खाँसाहेबांचा ख्याल आणि बालगंधर्वांची पदे या माणसांपर्यंत पोचवली ती तबकडीने. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे. रात्रभर रंगणारा राग तेवढ्यात बसवायचा, म्हणजे गवयाला चिजेचा अर्कच काढावा लागे. चावी दिली की कर्ण्यातून सूर निघत, आणि ऐकायला अख्खी आळी जमे.

‘ध्वनिमुद्रिका’ हा शब्दही अर्थाने चोख आहे. मुद्रिका म्हणजे शिक्क्याची अंगठी, आणि तबकडीही साच्याखाली दाबूनच घडते. तो शब्द छापील मजकुरात टिकला. बोलण्यात मात्र तबकडी, प्लेट आणि रेकॉर्ड. ‘पुन्हा तीच रेकॉर्ड लावू नकोस’ असे आजही घरोघरी ऐकू येते, मग त्या घरात ग्रामोफोन कधी आलेला नसला तरी.

तबकडीचा प्रवास गाण्यापाशी थांबला नाही. १९४७मध्ये अमेरिकेत आकाशात चमकत्या वस्तू दिसल्याच्या बातम्या आल्या आणि तिथल्या वर्तमानपत्रांनी त्यांना उडत्या बशा म्हटले. बशी तर मराठी घरात रोजच्या चहाची. तरीही आपल्याकडे रूढ झाली ती ‘उडती तबकडी’. गरगर फिरणारी चकती म्हटली की मराठी माणसाला तोवर हाच शब्द आधी आठवत असणार.