काम थांबले की आजार दिसतो: नैराश्य आणि दैनंदिन कामकाज यांचा इतिहास

सौम्य आणि तीव्र नैराश्यातील फरक विचारला की विद्यार्थी बहुधा लक्षणांची यादी लिहितात: उदासी, झोप न लागणे, भूक मंदावणे, थकवा. यादी चुकीची नसते. पण या आजाराच्या नोंदींचा इतिहास चाळला तर निर्णय बऱ्याचदा दुसऱ्याच प्रश्नावर झालेला दिसतो. तो प्रश्न असा: या माणसाचे रोजचे काम चालू आहे की थांबले?

सुरुवात वेड्यांच्या इस्पितळांपासून करू. (हा शब्द आज आपण वापरत नाही, पण त्या काळच्या कागदांत तोच आहे.) 1858 च्या कायद्याने या संस्थांना चौकट दिली. मुंबई इलाख्यात कुलाबा, रत्नागिरी, पुढे 1901 मध्ये ठाणे अशी इस्पितळे होती. त्यांच्या वार्षिक अहवालांत ‘मेनिया’, ‘डिमेन्शिया’ यांच्या शेजारी ‘मेलँकोलिया’चा रकाना असे. आजच्या तीव्र नैराश्याचे बरेच रुग्ण याच रकान्यात मोजले गेले असणार. बागकामाला, विणकामाला, स्वयंपाकघरात किती जण लावले याचीही नोंद ठेवली जाई. आता या नोंदींत कोण नाही ते पाहा. जो कसाबसा उठून शेतावर जात होता, जी चुलीपुढे बसून भाकऱ्या थापत होती पण कोणाशी बोलत नव्हती, ती माणसे इस्पितळापर्यंत पोचलीच नाहीत. सौम्य नैराश्य तेव्हा नव्हते असे नाही. त्याला रकाना नव्हता.

तो रकाना विसाव्या शतकाच्या शेवटी आला. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डीएसएम-3 या 1980 च्या वर्गीकरणाने ‘मेजर डिप्रेशन’ ही संज्ञा रूढ केली आणि लक्षणे किमान दोन आठवडे टिकण्याची अट घातली. तिथेच ‘डिस्थायमिया’ आला, म्हणजे कमी तीव्रतेचे पण प्रौढांत किमान दोन वर्षे रेंगाळणारे नैराश्य. परीक्षेत हमखास चुकणारा मुद्दा इथे सांगून ठेवतो. ‘मेजर’ म्हणजे ‘तीव्र’ नव्हे. मेजर डिप्रेशनचेही सौम्य, मध्यम, तीव्र असे प्रकार आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-10 ने 1992 मध्ये हे तीन टप्पे सांगताना लक्षणांच्या संख्येसोबत कामकाजाचा निकषही वापरला. सौम्य टप्प्यात नेहमीची कामे करताना अडचण येते, पण ती बहुधा पूर्ण थांबत नाहीत. तीव्र टप्प्यात नोकरी, घरकाम, माणसांत मिसळणे हे अगदी मर्यादित प्रमाणातच शक्य होते.

म्हणजे प्रत्यक्षात काय? तीव्र नैराश्यात आंघोळ, जेवण, दार उघडणे हीसुद्धा कामे डोंगराएवढी होतात. घरच्यांना ते दिसते, निदान दिसायला हवे. सौम्य नैराश्यात काम होते, पण एका तासाचे काम तीन तास घेते. वाचलेले पान पुन्हा वाचावे लागते, फोन उचलणे टाळले जाते, आणि उरलेली सगळी शक्ती ‘सगळे ठीक आहे’ असे दाखवण्यात जाते. आर. के. पुरमसारख्या सरकारी वसाहतीतला कर्मचारी रोज वेळेवर कार्यालयात पोचतो. आमच्या अभियांत्रिकीच्या वर्गातला विद्यार्थी 75 टक्के हजेरी भरतो. हजेरीपटाला यापलीकडचे काही दिसत नाही. जुन्या इस्पितळाच्या रजिस्टरात आणि आमच्या हजेरीपटात मला या बाबतीत फारसा फरक वाटत नाही.

हा निकष उपचाराच्या कामी कसा आला, याचे उत्तम उदाहरण शेजारच्या गोव्यात आहे. तिथे 1996 मध्ये ‘संगथ’ ही संस्था सुरू झाली. प्राथमिक आरोग्य केंद्रात येणारे लोक ‘मला नैराश्य आहे’ असे म्हणत नसत. अंगदुखी, अशक्तपणा, झोप, फार तर ‘टेन्शन’ अशी तक्रार असे. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी दहा आरोग्य केंद्रांत 495 रुग्णांवर एक चाचणी केली. तिचे निष्कर्ष 2017 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. रुग्ण मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्याचे होते, आणि समुपदेशक मानसोपचाराची पदवी नसलेले, प्रशिक्षण दिलेले स्थानिक लोक. सहा ते आठ भेटींत ते रुग्णाला छोटी छोटी कामे पुन्हा सुरू करायला मदत करत. मन लागेल तेव्हा काम करू, असे न म्हणता आधी थोडे काम, मग मन, असा उलटा क्रम. नेहमीच्या सुधारित उपचारांनी तीन महिन्यांत 39 टक्के रुग्णांचे नैराश्य ओसरले, त्याला या भेटींची जोड दिलेल्या गटात 64 टक्क्यांचे. कामावर न जाता आल्याचे दिवसही घटले आणि आत्महत्येचे विचार वा प्रयत्नही कमी झाले. जे काम पूर्वी फक्त मोजमापाचे साधन होते, ते इथे औषध झाले. मात्र ‘उठ, कामाला लाग’ या घरगुती उपदेशाशी याची गल्लत करू नये. तो उपदेश काम रुग्णावर लादतो; इथे पायरी रुग्णासोबत बसून ठरते, आणि ती मुद्दाम लहान ठेवली जाते.

पण उपचार असला तरी माणूस तिथवर पोचायला हवा. अमरावती जिल्ह्यातील 30 गावांत राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी ‘विश्राम’ प्रकल्पात नेमका हाच प्रश्न घेतला. शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांमुळे विदर्भाकडे सगळ्यांचे लक्ष होते. प्रकल्पाने मात्र त्याआधीच्या टप्प्याकडे पाहिले. गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी बोलून माणसे शोधली. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण सुरुवातीला 4.3 टक्के होते. दीड वर्षाने ते 27.2 टक्के झाले. वाढ सहापटीहून अधिक, आणि तरीही चारांतले जवळजवळ तीन जण मदतीविनाच आपापली कामे ओढत होते.