कॅना बेटावरचे गावदुकान

स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील इनर हेब्रिडीज द्वीपसमूहातल्या कॅना या चिमुकल्या बेटावरील किराणा दुकान. ते गावकरीच चालवतात; गल्ल्यावर मात्र कोणी नाही. घेतलेला जिन्नस वहीत लिहायचा, पैसे ठेवायचे. बंदरात मुक्कामाला आलेल्या मच्छीमारांसाठी दार रात्रीही उघडे असे.

जून २०१५ मध्ये मात्र चोरी झाली. चॉकलेट, कॉफी, बिस्किटे, बॅटऱ्या आणि हाताने विणलेल्या लोकरी टोप्याही गेल्या! १९६०च्या दशकात चर्चमधले कोरीव लाकडी ताट चोरीला गेले होते, त्यानंतरची ही पहिलीच चोरी. म्हणूनच एवढ्याशा ऐवजाची बातमी जगभर पोहोचली.

बेटावर मॅलेग बंदरातून फेरीबोट येते. १९८१ मध्ये बेटाचे तेव्हाचे मालक जॉन लॉर्न कॅम्बेल यांनी ते नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडला दिले. त्यांचा गेलिक लोकगीतांचा संग्रहही ट्रस्टकडेच आहे.